डायनॅमिक माइक की कंडेन्सर? घरी वाचन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

मी ठाण्यात माजिवड्याला राहते, खिडकीखाली घोडबंदर रोड, आणि अंध विद्यार्थ्यांसाठी मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. दोन्ही माइक वापरून झालेत म्हणून लिहितेय.

आधी आवाजाचं समजून घ्या. बोलताना पुरुषांचा मूळ सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ, बायकांचा १६५ ते २५५. पण शब्द ओळखू येतात ते त्याच्या बऱ्याच वरच्या पट्ट्यांमुळे. जुना लँडलाइन फोन ३०० ते ३४०० हर्ट्झच पाठवायचा, म्हणजे मूळ सूर जायचाच नाही, तरी बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा, कारण वरच्या सुरांवरून खालचा सूर आपला मेंदूच जुळवून घेतो. मात्र नाव सांगताना ‘स सशातला की श शहामृगातला’ करत बसायला लागायचं, कारण स-श ची सळसळ ४ ते ८ हजार हर्ट्झपर्यंत जाते आणि ती फोनमध्येच कापली जायची. आपल्या मराठीत तर चाकातला च वेगळा, चिमणीतला च वेगळा, आणि जे मूल फक्त ऐकून भाषा शिकतंय त्याला हा फरक स्वच्छ मिळालाच पाहिजे.

इथे कंडेन्सर सरस. आवाजाने थरथरणारा आतला पडदा हलका, त्यामुळे वरची सळसळ नीट पकडतो. पण पंखा, शेजारचा कुकर, सगळंच पकडतो. एक्सएलआरवाला (तीन पिनांच्या केबलचा) घेतलात तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे त्याच केबलमधून माइकला मिळणारी वीज, लागतो.

डायनॅमिकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटलेलं, पडदा जड, म्हणून वरचा भाग थोडा बसतो. सिग्नल कमजोर असतो, गेन (सिग्नल वाढवणं) भरपूर द्यावा लागतो, आणि इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) स्वस्तातला असेल तर मागे सूंऽऽ येत राहतं. लोक म्हणतात याला खोलीचा आवाज ऐकूच येत नाही, पण खरं कारण अंतर आहे, तो आपण तोंडाजवळ धरतो. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, रस्त्याचा आहे तेवढाच राहतो. जवळ गेल्यावर खालचे सूर फुगतात हेही लक्षात ठेवा, माझ्या आवाजाला त्याने भरीवपणा येतो पण माझ्या दादाचा खर्जातला आवाज नुसता घुमतो, त्याला चार बोटं मागे बसवावं लागतं.

ट्रकची घरघर लो-कटने, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणाऱ्या फिल्टरने, बरीच जाते. पुरुषांनी ८० हर्ट्झवर थांबावं, बायकांनी १००-१२० पर्यंत चालतं. रिक्षाचा हॉर्न मात्र आपल्या बोलण्याच्याच पट्ट्यात येतो, त्याला फिल्टर नाही, ते वाक्य परत वाचायचं.

तर रस्त्याला लागून घर असेल तर डायनॅमिक घ्या आणि उरलेले पैसे बऱ्या इंटरफेसवर घाला. येऊरच्या बाजूला वगैरे शांत खोली असेल तर कंडेन्सरच, आणि मागे एक जाड गोधडी टांगा. ठरवायच्या आधी रेकॉर्डिंगच्या वेळेला खोलीत फोनवर एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका.

मी रोजचे धडे डायनॅमिकवर करते. कविता असली की पहाटे साडेचारला उठते, रस्ता जागा व्हायच्या आत, आणि कंडेन्सर काढते.