पक्ष बदलला, आपण काय करायचे? शेकापमधून फुटलेल्या वाटांचा तुलनात्मक आढावा

गेल्या दिवाळीत एका तालुक्याच्या गावी जुन्या मित्राकडे गेलो होतो. पंचवीस वर्षे एकाच पक्षाचे काम केलेला हा माणूस. पक्ष कोणता, हे येथे महत्त्वाचे नाही. त्याच्या टेबलाच्या खणात सभासद नोंदणीचे पावतीपुस्तक होते. 100 पावत्यांपैकी 37 फाडलेल्या, आणि अडतिसाव्या पावतीवर गावातल्या एका दूधवाल्याचे नाव लिहून पुढची जागा कोरी सोडलेली. ती पावती लिहीत असतानाच, ज्यांच्याविरुद्ध दारोदार मते मागितली त्यांच्याच शेजारी उभे राहून आपले नेते शपथ घेत असल्याचे त्याने टीव्हीवर पाहिले आणि पेनाला टोपण लावले. राहावे, जावे की घरी बसावे, असे तो मला विचारत होता. त्याला तेव्हा सुचले नाही ते उत्तर येथे सविस्तर मांडतो आहे.

त्यासाठी उदाहरण आजचे घेत नाही. 2019 नंतर महाराष्ट्रात जे घडले त्यातील माणसांचा शेवटचा हिशेब अजून लागायचा आहे, आणि ज्याचा त्याचा राग इतका ताजा आहे की तुलना करायला बसले तरी भांडणच होते. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, तसे नाही. ज्या प्रश्नापाशी माझा मित्र अडला आहे, त्या प्रश्नापाशी शेकापचे लोक 1950 च्या दशकातच येऊन पोहोचले होते, त्यांतील प्रत्येकाने वेगळी वाट धरली, आणि त्या वाटा कोठे जाऊन संपल्या हे आपल्याला दिसते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. स्वातंत्र्य तोंडावर आले असता काँग्रेस शेटजी-भटजींच्या हाती गेली आहे, बहुजन शेतकऱ्याला तेथे कोणी विचारत नाही, या भावनेतून केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि त्यांचे सहकारी काँग्रेसच्या आतच वेगळे संघटित झाले. पक्षांतर्गत गट चालणार नाहीत असे काँग्रेसने ठरवल्यावर, ज्या वर्षी समाजवादी बाहेर पडले त्याच 1948 साली, हेही पूर्णपणे बाहेर पडले. दोन वर्षांनी, 1950 मध्ये, मालेगावजवळच्या दाभाडी येथे पक्षाने जो प्रबंध मंजूर केला त्यात मार्क्सवाद-लेनिनवाद हीच पक्षाची विचारसरणी असल्याचे नमूद केले. सत्यशोधक परंपरेतून, जेध्यांच्या शब्दाखातर लाल बावट्याखाली आलेल्या शेतकऱ्याला आपण आता वर्गलढ्याचे सैनिक आहोत हे असे कळले. 1952 च्या निवडणुकीत मुंबई राज्याच्या 315 जागांपैकी पक्षाला 14 मिळाल्या, आणि मग गळती लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दाभाडीचा बदल पटो वा न पटो, तो लिहून काढलेला होता, त्यावर वाद झाला होता आणि तो सर्वांसमक्ष मंजूर झाला होता. ज्याला पक्ष सोडायचा होता त्याला आपण नेमके कशाला नाही म्हणत आहोत हे सांगता येत होते. आजच्या कार्यकर्त्याला तेवढीही सोय उरलेली नाही. झेंड्याचा रंग बदलतो, शत्रू मित्र होतो, बिनशर्त पाठिंबा जाहीर होतो, आणि त्यामागचे कारण कोणी कागदावर मांडत नाही. माझ्या मित्राचा संताप बदलापेक्षा या न सांगण्याचा अधिक होता, असे मला वाटते. आपला राग यांपैकी नेमका कशाचा आहे हे निर्णयाआधी स्वतःशी पक्के करावे, कारण विचार न पटल्याने सोडणे आणि विचारले नाही म्हणून सोडणे यांची औषधे वेगळी आहेत. दुसऱ्या दुखण्यावर पक्षांतर हा इलाज नाही. नव्या पक्षातही कोणी विचारणार नसते.

परत फिरणारे

जेधे आणि मोरे ज्या काँग्रेसमधून बाहेर पडले होते तिच्याच दारात काही वर्षांत परत गेले. जेधे 1957 मध्ये बारामतीतून काँग्रेसचे खासदार झाले, मोरे 1962 मध्ये पुण्यातून. 1957 सालचे महत्त्व मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भलेभले आडवे झाले असताना जेधे निवडून आले. म्हणजे मतदाराने त्यांच्या परतण्याला क्षमा केली होती. मात्र ज्या तक्रारीवरून ते बाहेर पडले होते तिची तड ते परतले म्हणून लागली, असे कोणाला म्हणता येणार नाही.

याच वाटेने पुढे गेलेले यशवंतराव मोहिते यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. कराड भागातून शेकापतर्फे आमदार झालेले मोहिते महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात, म्हणजे विरोधकांनाही आपल्यात सामावून घेण्याच्या धोरणात, काँग्रेसमध्ये गेले. गेले ते विचार घरी ठेवून गेले नाहीत. सहकार खाते हाती आल्यावर कापूस एकाधिकार खरेदी योजनेसाठी, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारने विकत घ्यावा यासाठी, त्यांनी जो आग्रह धरला त्यात जुना शेकापवाला स्पष्ट दिसतो. ती योजना पुढे तोट्यात रुतली, हा वेगळा विषय. परत फिरणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न मोहित्यांवरून सुचतो: तेथे गेल्यावर माझ्या हाती काम येणार आहे की नुसती खुर्ची? तालुका पातळीवरच्या माणसाला बहुधा खुर्चीही मिळत नाही, सत्कार आणि उपरणे मिळते, आणि पुढच्या महिन्यात त्याला सभेला सतरंज्या उचलायला बोलावले जाते.

पुढे जाणारे

क्रांतिसिंह नाना पाटील उलट दिशेने गेले. मार्क्सवादच मान्य करायचा तर अर्ध्यात का थांबायचे, अशा धाटणीचा हा प्रवास त्यांना शेकापमधून कम्युनिस्ट पक्षात घेऊन गेला. 1957 मध्ये ते सातारा भागातून आणि 1967 मध्ये थेट बीडमधून लोकसभेवर गेले. बीडचा आणि कुंडलचा काय संबंध? संबंध प्रतिसरकारचा होता, म्हणजे ब्रिटिशांना न जुमानता सातारा भागात कुंडलसारख्या गावांतून नाना पाटलांनी चालवलेल्या लोकांच्या सरकारचा. 1942 नंतरच्या त्या काळात मिळवलेली पत कोणत्याही पक्षाच्या खात्यावर जमा नव्हती, त्यामुळे चिन्ह बदलले तरी ती खर्ची पडली नाही.

या वाटेचा मोह तत्त्वनिष्ठ माणसाला फार होतो, म्हणून येथे सावध करणे भाग आहे. गावात आपल्याला जो मान आहे त्यातला पक्षाच्या पाटीचा किती आणि आपला किती, हे बहुतेकांना पाटी उतरवल्यावरच कळते. तो अंदाज आधी काढण्याचा एक साधा उपाय आहे: गेल्या वर्षभरात आपल्याकडे काम घेऊन आलेल्या माणसांपैकी कितीजण पक्षाचे मतदार नव्हते, ते मोजावे.

लहान गट घेऊन निघालेले

दाभाडी प्रबंधामागे ज्यांचा वैचारिक जोर होता त्या नवजीवन संघटनेच्या मंडळींचेही पक्षात जमले नाही, ही या इतिहासातली थट्टाच म्हणायची. ते बाहेर पडले, कामगार किसान पक्ष म्हणून 1952 ची निवडणूक लढले आणि पुढे लाल निशाण म्हणून ओळखले गेले. त्यांच्यातले दत्ता देशमुख नगर जिल्ह्याचे, शिक्षणाने अभियंता. सत्ता त्यांच्या गटाच्या वाट्याला कधी आली नाही; पण पाण्याच्या वाटपाचा विषय निघाला की विरोधकही त्यांचे ऐकत, आणि 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरील मजुरांच्या ज्या चळवळी उभ्या राहिल्या त्यांत लाल निशाणचा वाटा मोठा होता. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

लहान गटाचा हिशेब असा की कामगार संघटना, पाणी परिषद, मजुरांची मोट यांसारखे काम सत्तेविना चालते. सूतगिरणी, बँक किंवा शाळेचे अनुदान सत्तेविना चालत नाही. आपले काम यांतले कोणते, त्यावर ही वाट परवडते की नाही ते ठरते.

राहिलेले

गणपतराव देशमुख राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून 1962 मध्ये पहिल्यांदा आमदार झाले, मध्ये 1972 आणि 1995 चे पराभव पचवले, आणि 2014 मध्ये अकराव्यांदा निवडून आले. सगळे एकाच पक्षाकडून, एकाच तालुक्यातून. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, परंतु त्या गोष्टींच्या आड एक अवघड बाब झाकली जाते. काँग्रेसविरोधातून जन्मलेला हा पक्ष 1978 मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात बसला, आणि 1999 मध्ये तर काँग्रेस व राष्ट्रवादीच्या आघाडीबरोबर सत्तेत गेला. दोन्ही वेळा गणपतराव मंत्री होते. म्हणजे न बदललेला माणूस बदलत्या पक्षात होता, आणि पक्षाच्या तडजोडींवर त्याचीही सही होती.

तरीही सांगोल्याच्या मतदाराने त्यांना ढोंगी ठरवले नाही. याचे कारण त्या कोरडवाहू तालुक्यातच शोधावे लागते: पाण्याची मागणी, सूतगिरणी आणि रोजची भेटीगाठींची शिस्त यांत पन्नास वर्षे खंड नव्हता, आणि मुंबईत कोणाशी युती झाली यापेक्षा तो क्रम लोकांना जवळचा होता. एन. डी. पाटीलही पुलोदमध्ये मंत्री होते, आणि तेही राहिले. पण त्यांचे राहणे वेगळ्या जातीचे होते. रायगडच्या सेझविरोधी (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या) लढ्यापासून कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनापर्यंत पक्षाच्या आकाराला न जुमानता ते रस्त्यावर उतरत गेले. पक्ष मात्र आटत गेला. 2024 च्या विधानसभेत शेकापची एकच जागा आली, तीही सांगोल्याची, गणपतरावांच्या नातवाने जिंकलेली. राहणाऱ्याने ही किंमत डोळ्यांसमोर ठेवावी. त्याचा तालुका टिकतो, पक्ष टिकेलच असे नाही.

माझे मत विचाराल तर या सर्वांत राहण्याची वाट मला सर्वांत अवघड आणि बहुतेकांना सर्वांत लागू वाटते, एका अटीवर: आपल्या हाती सांगोल्यासारखा एखादा तुकडा हवा, जेथे पक्षाने काहीही केले तरी आपले काम चालू राहते. तो तुकडा नसेल तर राहणे म्हणजे केवळ सवय. घरी बसण्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. तब्येतीचा किंवा कर्जाचा प्रश्न असेल तर तेही करावे, त्यात लाज नाही.

निवडून आलेल्यांसाठी कायद्याची एक बाब सांगून ठेवतो. पक्षांतरबंदीचा कायदा साध्या सभासदाला लागू नाही. तो आज राजीनामा लिहून उद्या कोठेही जाऊ शकतो. नगरसेवक, पंचायत समिती वा जिल्हा परिषद सदस्य यांच्यासाठी मात्र 1986 चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे, आणि पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन स्वेच्छेने पक्ष सोडल्यास पद जाऊ शकते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसल्याने तेथील सदस्याला ही अडचण नाही. माझा मित्र ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, त्यामुळे त्याचे हात मोकळे आहेत.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. पक्षाबद्दल त्याने काही ठरवलेले नाही. पण अडतिसाव्या पावतीवरचा दूधवाला वासराच्या लसीकरणासाठी आला होता, आणि तो त्याच्याबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आला, एवढे त्याने सांगितले. पावती अजून कोरीच आहे.