अण्णांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर

गेल्या वर्षी अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, गिळणं मात्र अडलं. चहा, पाणी, वरणाचं पाणी, पातळ काहीही दिलं की ठसका. दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी मी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर घेतला, दीड हजाराचा. दहा महिने रोज वापरतेय.

आकडे ठळक आहेत, आईला चष्म्याशिवाय दिसतात. दोन बारीक पेन्सिल सेल महिनाभर आरामात पुरतात. आकड्याखाली नाडीची लहर दिसते, ती नसलेलं मॉडेल घेऊच नका. लहर वेडीवाकडी असेल तर वरचा आकडा धरायचा नाही. अण्णांचा उजवा हात गार पडलेला असतो, तिथे हा ८८ दाखवून जीव घाबरवतो. डाव्या हाताला लावला की ९६. पण डाव्या हाताने तर ते जेवतात. म्हणून आधी उजवा तळवा चोळून चोळून गरम करते, मग लावते.

घास श्वासनलिकेत गेला तर आकडा लगेच उतरेल, या भरवशावर मी हे यंत्र घेतलं होतं. फेब्रुवारीत एका दुपारी पेज शांतपणे संपली. ठसका नाही, आकडा ९७. आवाज तेवढा ओला झाला होता, घशात पाणी गुरगुरावं तसा. माझं लक्ष आकड्याकडे. रात्री १०२ ताप, दुसऱ्या दिवशी एक्स-रेत न्यूमोनिया.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी मग समजावलं. गिळताना श्वास साधारण सेकंदभर थांबतो आणि बहुतेक वेळा गिळून झाल्यावर आपण तो बाहेर सोडतो. अण्णांचा हा मेळ बिघडलाय, गिळल्या गिळल्या ते श्वास आत ओढतात. ऑक्सिमीटरला यातलं काही कळत नाही. बिनठसक्याचं आत जाणं पक्कं ओळखायला नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य) देऊन एक्स-रेखाली गिळणं बघावं लागतं. मानेवर सेन्सर लावून श्वास आणि गिळणं एकत्र टिपणाऱ्या छोट्या यंत्रांवर संशोधन चालू आहे. तसं काही घरी वापरण्याजोगं हाती आलं तर मी त्याच दिवशी घेईन.

तोवर भरवताना माझी दोन बोटं अण्णांच्या गळ्याच्या घाटीवर असतात. घाटी वर उचलून खाली आली की, "अण्णा, 'आ' म्हणा बघू." आवाज स्वच्छ आला तरच पुढचा चमचा. पाणी पावडर घालून घट्ट करते. १० मिलीची सिरिंज भरून १० सेकंद खालून आपोआप गळू दिली की आत ४ ते ८ मिली उरायला हवं, एवढा घट्टपणा मॅडमनी त्यांना ठरवून दिलाय.

ऑक्सिमीटर जेवणाआधी, जेवणानंतर अर्ध्या तासाने आणि रात्री लावते, आकडा वहीत लिहिते. नेहमीपेक्षा तीनने उतरला आणि अंगही कोमट लागलं की डॉक्टरांना फोन. जूनमध्ये अशाच फोनमुळे औषध वेळेत सुरू झालं, अण्णांना दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. या कामासाठी ५ पैकी ४. एक गुण कापला तो आतल्या रबरासाठी: सहा महिन्यांतच सैल झालं, अण्णांच्या वाळलेल्या बोटावरून घसरतं, हाताने धरून ठेवावं लागतं.