मनःशांतीची वही: प्रश्न सोडून द्या, अक्षरं मोजा

तीन महिने वापरून मग लिहितोय. वेष्टनावर 'शब्दांतून मनःशांतीकडे' असं छापलेलं, आत रोजच्या कवितेसाठी आणि चिंतनासाठी एकेक जोडपान. वहीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा वह्या आता ढिगाने निघाल्यात आणि बहुतेकींचा सांगाडा हाच असतो. डावीकडे प्रश्न, उजवीकडे रिकाम्या ओळी, तळाशी एक चौकट: 'आजची मनःशांती, 10 पैकी'.

मी हिशेब तपासणारा माणूस. शाळेत कविता पाठ केल्या, त्यानंतर थेट या वहीतच कवितेशी गाठ. पहाटे पावणेतीनला जाग येते आणि पाचपर्यंत डोक्यात एकच भांडण चालू राहतं, मोठ्या भावाशी. वाद जुना, वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं याचा. प्रत्यक्षात आम्ही बोलतच नाही, त्यामुळे दोघांचेही संवाद मलाच म्हणावे लागतात.

आधी वस्तूबद्दल. कागद 100 जीएसएम, आकार ए-फाइव्ह, बांधणी शिवलेली. पहिल्या दिवसापासून वही सपाट उघडते, अंगठ्याने दाबून धरावी लागत नाही. शाईच्या पेनाने लिहिलं तरी मागच्या बाजूला उमटत नाही. प्रश्नांची पानं मात्र रंगीत आणि गुळगुळीत. तिथे काही लिहिलं की शाई वाळता वाळत नाही, आणि वही मिटली की समोरच्या कवितेवर निळा डाग. नवव्या दिवसाच्या कवितेचं शेवटचं कडवं असंच गेलं. फार नुकसान झालं असं नाही.

प्रश्न हा या वहीचा सगळ्यात कच्चा भाग. 'तुमचं मन आज नदी असतं तर कसं वाहिलं असतं?' पावणेतीन वाजता हे वाचून माणूस आणखीच जागा होतो. एका पानावर 'मी कोण आहे?' आणि खाली उत्तराला सहा ओळी. ज्यांनी या प्रश्नावर जन्म घालवले त्यांना जागा कमी पडली असती, मला जास्त झाली.

तळातल्या चौकटीवर माझा खरा आक्षेप आहे. सवयीने पहिल्या 28 दिवसांचे आकडे मी तक्त्यात मांडले. ज्या दिवशी नदीबिदी लिहिलं त्या दिवशी सात-आठ, ज्या दिवशी भावाबद्दल खरं लिहिलं त्या दिवशी दोन किंवा तीन. म्हणजे चौकटीचं ऐकायचं तर खरं लिहिणं बंद करावं. हे माझ्यापुरतंच आहे का, म्हणून थोडं वाचलं. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी 46 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. लागोपाठ 4 दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं. आयुष्यातल्या जखमेबद्दल घटना आणि भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच वाईट वाटत होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. तेव्हा पेन खाली ठेवताक्षणी शांती मोजणं म्हणजे पेरलं त्याच संध्याकाळी उकरून बघणं. वेष्टनावरचं आश्वासनही जरा आवरतं घ्यायला हवं. 2006 मध्ये 146 प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यात अशा लेखनाचा फायदा दिसला खरा, पण बेताचाच.

आता चांगलं. वहीच्या मागे दीड पान रचनांबद्दल आहे आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. मोठ्या अभंगाचे चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रा मोजायच्या नाहीत, जोडाक्षर एकच धरायचं. म्हणजे बेरीज 22. हे मला जमण्यासारखं होतं.

एकतिसाव्या रात्री लिहायला बसलो. पहिली ओळ आली 'तुझ्या घराच्या दारापाशी'. नऊ अक्षरं. 'घराच्या' काढलं, सहा झाली. पुढचे दोन चरण बोटं मोजत जमले. शेवटी मला लिहायचं होतं 'तुझंच चुकलं'. मोजलं: सहा. जागा चारची. अर्धा तास खटपट केली, 'तू चुकला' करून पाहिलं, 'दोष तुझा' करून पाहिलं. दोन्ही चारात बसत होते, पण आधीच्या ओळीला चिकटत नव्हते. शेवटी जे बसलं ते असं:

तुझ्या दारापाशी
थबकले पाय
बोलायचे काय
ठरेचना

लिहून झाल्यावर लक्षात आलं, यात तो चुकलेला नाही. मीही नाही. घड्याळात चार वाजून गेले होते आणि मधला वेळ मी भांडलोच नव्हतो, अक्षरं मोजत होतो.

एक गोष्ट वहीत यायलाच हवी होती ती नाही: नाममुद्रा. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ती केवळ सही वाटते. स्वतः करून बघा. माझं नाव दोन अक्षरी, 'म्हणे' धरून चार, पुढे चरणात दोनच अक्षरं उरतात. स्वतःबद्दल 'अमका म्हणे' असं लिहिलं की तो जागरण करणारा, जुन्या पावत्या काढणारा गृहस्थ समोरच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याची थोडी कीव येते, थोडं हसूही. चिंतनाच्या 30 पानांनी जे साधलं नाही ते या चार अक्षरांनी साधलं. संपादकांनी नदीचा एक प्रश्न कमी करून हे घातलं असतं तर मी एक तारा वाढवला असता.

सध्या पाचपैकी तीन: दोन कागद-बांधणीला, एक त्या दीड पानाला.

जाग अजून येते, रोज नाही. भावाला ते कडवं पाठवलेलं नाही. वही संपल्यावर तीच पुन्हा मागवली नाही. मुलांची गणिताची चौकटीची वही आणली. एका चौकोनात एक अक्षर, सहा झाले की खाली. फक्त 'थबकल्या' किंवा 'मध्यरात्री' आलं की जोडाक्षर चौकोनाबाहेर सांडतं, तेवढं चालवून घेतो.