शाकारणी करायची की पत्रा टाकायचा?

आंबे उतरू लागले की कोकणातल्या घराघरांत छपराचा विषय निघतो. पूर्वी प्रश्न एवढाच असायचा की शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून परत बसवायला, गडी कधी मिळतील. आता कौलं ठेवायची की काढून पत्रा टाकायचा, यावर घरात दोन तट पडतात, आणि निर्णय बहुतेक वेळा मेच्या शेवटच्या आठवड्यात, चाकरमानी परत निघायच्या घाईत होतो. मृग ७-८ जूनला लागतो आणि पुढच्या चार महिन्यांत छपरावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. असा निर्णय घाईत घेऊ नये, म्हणून दोन्ही बाजू इथे मांडल्या आहेत.

आधी वासे बघा. कौल आणि पत्रा यांतली निवड खरं तर लाकडावर ठरते. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं आणि चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात, म्हणजे जवळजवळ चाळीस किलो. अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा तेवढ्याच जागेला पाच किलोसुद्धा भरत नाही. वासा भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. टोक सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे. दोन-चार वासे गेले असतील तर तेवढेच बदलता येतात. निम्मं लाकूड गेलं असेल तर कौलांचा हट्ट महागात पडतो, आणि तिथे लोखंडी सांगाडा व पत्रा हाच शहाणपणाचा मार्ग.

लाकूड धड असेल तर मात्र माझं मत सरळ कौलांच्या बाजूने आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारं हे कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरलं. त्याआधीचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, मांजर चाललं तरी सरकायचे. मंगलोरी कौल जागेवर राहतं आणि हवाही खेळती ठेवतं. मे महिन्याच्या दुपारी कौलाखाली पंखा लावून झोपता येतं, नुसत्या पत्र्याखाली जीव कासावीस होतो. चूल असेल तर धूर फटींतून निघून जातो आणि जाता जाता लाकडाची कीडही दूर ठेवतो. काचेचं एक कौल बसवलं की स्वयंपाकघरात दिवसा दिवा लागत नाही. पत्र्याचा आणखी एक त्रास थंडीत कळतो. पहाटे पत्रा गार पडतो, घरातली वाफ त्याच्या खालच्या अंगाला धरते आणि अंथरुणावर थेंब पडतात. खाली सिलिंग केलं तर हे बरंच कमी होतं, पण मग सिलिंगचा खर्च पत्र्याच्या हिशेबात धरायला हवा.

शाकारणी म्हणजे नुसती फुटकी कौलं बदलणं नव्हे. चांगला कारागीर एकेका पट्ट्यातली कौलं उतरवून घेतो, खाचांतला पाला आणि शेवाळ ब्रशने काढतो, प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत आवाज आला तर ते परत वर जातं. बद्द आवाज आला तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर आहे, आणि पावसात ते हमखास गळणार. मग रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या, तपासतो आणि कौलाचं नाक रिपेत नीट अडकवतो. आढ्यावरच्या आणि कडेच्या कौलांचं सिमेंट सुटलं असेल तर ते नव्याने भरतो. नवीन कौलं आणताना घरचं एक जुनं कौल सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, आणि एक विजोड कौल आजूबाजूच्या कौलांनाही उचलून धरतं.

हे सगळं दरवर्षी करावं लागतं, आणि पत्र्याचा जोर नेमका इथेच आहे. कौलं चाळणारे हात कमी झालेत. वर्षाचे अकरा महिने घर बंद असेल, शेजारच्या फणसावरून वानरं छपरावर उड्या मारत असतील, तर जुलैत फुटलेलं कौल गणपतीपर्यंत कुणाला दिसत नाही. तोवर भिंत मुरते, मातीची असेल तर बसते. अशा बंद घरावर पत्रा टाकणाऱ्याला मी दोष देणार नाही. छपराचा उतार कमी असेल तरीही पत्राच बरा, कारण कमी उतारावर वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या खाचांतून उलटं आत येतं.

वादळाचं काय, हा प्रश्न ३ जून २०२० पासून प्रत्येक जण विचारतो. त्या दिवशी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत घुसलं आणि रायगड व उत्तर रत्नागिरीत कौलंही गेली, पत्रेही गेले. फरक जाण्याच्या तऱ्हेत आहे. कौलं कडेपासून सुटत जातात, उरलेलं छप्पर बऱ्याचदा जागेवर राहतं. पत्रा हलका आणि सलग, त्याखाली वारा शिरला की अख्खा तुकडा उडतो आणि दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. म्हणून पत्रा टाकणार असाल तर वळचण, कोपरे आणि आढं इथे स्क्रू दाट मारून घ्या. स्क्रू गंजरोधकच घ्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू लवकर गंजतात. त्यांखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होतात आणि गळती तिथूनच सुरू होते. तेव्हा पत्र्यालाही दर उन्हाळ्यात एक फेरी लागते. ‘एकदा टाकला की सुटलो’ हे खरं नाही. कौलं ठेवणार असाल तर वळचणीच्या ओळी तारेने रिपेला बांधून घ्या.

स्वस्त म्हणून सिमेंटचा पत्रा सुचवला जातो. तो घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि कापताना किंवा भोक पाडताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. आधीपासून छपरावर असेल तर तो घासू वा फोडू नका.

खाली पत्रा आणि वर कौल ही हल्लीची पद्धत दिसायला छान आहे. गळतीचं भय राहत नाही, ऊनही कमी लागतं. पण वजन दोन्हींचं, खर्च दोन्हींचा, आणि मधल्या फटीत साचलेला पाला काढायला वरची कौलं उचलावीच लागतात. नवीन बांधकामात लोखंडी सांगाडा त्या वजनाचा धरून उभारला असेल तर जरूर करा. जुन्या वाशांवर हा भार घालू नका.

पत्रा ठरला तर फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी सांगाडा आणि पत्रा बसवणाऱ्याला, शिमग्याच्या आसपासच गाठा, मे महिन्यात तो सापडत नाही, आणि सापडला तरी कडेचे स्क्रू घाईत राहून जातात. शाकारणी मात्र लवकर उरकू नका. मार्चमध्ये केली तर उन्हाळ्याचा पाला पुन्हा खाचांत बसतो आणि वानरं पुन्हा कौलं फोडतात. अक्षय्य तृतीयेनंतर हात घाला, पहिल्या वळवात घरभर फिरून कुठे थेंब पडतो ते बघा, आणि तेवढी कौलं मृगाआधी बदलून घ्या.