पाच महिने बॉलपेन, पाठकोरे कागद आणि दोन हजार स्नीकर

पेन टॅबलेटच्या (संगणकावर चित्र काढायच्या पाटीच्या) केबलचं तोंड सैल झालं त्याच रात्री मला एका रनिंग शूच्या डिझाइनचे तीन पर्याय पाठवायचे होते. केबल एका ठरावीक कोनात दाबून धरली की चालायचा, हात हलला की बंद. वॉरंटी शिल्लक होती. सेवा केंद्राने पहिल्यांदा ‘दोष आढळला नाही’ म्हणून तसाच परत पाठवला, दुसऱ्यांदा ‘चुकीच्या हाताळणीमुळे नुकसान’ असा शेरा मारून. केबल रोज लावणं आणि काढणं ही चुकीची हाताळणी कशी, हे मी प्रत्येक ईमेलमध्ये विचारलं. उत्तर नाही. बिल पाठवा, फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, पुन्हा बिल पाठवा. पैसे मोजून घेतलेली वस्तू नऊ आठवडे माझ्याकडे नव्हती, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पण हा अनुभव टॅबलेटचा नाही. त्या रात्री जे हाताशी होतं त्याचा आहे: टोपणाचं साधं बॉलपेन, १.० मिलिमीटरचं, आणि प्रिंटरशेजारी पडलेला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. टॅबलेट येईपर्यंत म्हणून सुरू केलं, त्याला आता पाच महिने झाले. आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोज तीन कागद, एका कागदावर सहा बूट, एका बुटाला दोन मिनिटं. दोन हजारांवर स्नीकर काढून झाल्यावरच लिहायला बसले आहे.

पहिल्या आठवड्यात माझं मत वाईट होतं. तेव्हा वहीत लिहून ठेवलेली तक्रार अशी: खोडता येत नाही, रेघेची जाडी बदलता येत नाही, लांब रेघ थरथरते. यातली मधली तक्रार साफ चुकीची होती. पेन सैल, जरा मागे धरून नुसतं त्याच्या वजनावर फिरवलं तर जेमतेम दिसणारी फिकट रेघ येते. तेच पेन दाबलं की गडद, ठाम रेघ. जेल पेन किंवा फेल्ट टिपच्या पेनात ही सोय नाही, ती पहिल्या स्पर्शालाच पूर्ण काळी उमटतात. बॉलपेनने पाच-सहा फिकट रेघा मारायच्या, त्यातली पटेल ती दाबून काढायची, आणि उरलेल्या तशाच राहू द्यायच्या. चुकीच्या रेघा खोडायची गरजच उरत नाही. बरोबर रेघ त्यांच्यावर चढून बसते.

टॅबलेटवर माझं काय व्हायचं ते सांगते, कारण अनेकांचं तसंच होत असणार. मिडसोलची, म्हणजे तळातल्या जाड मऊ थराची, खालची रेघ घ्या. टाचेपासून निघते, चवड्याखाली जमिनीला टेकते आणि बोटांकडे जराशी उचलते. ती एक रेघ मी काढायची, अनडू करायची, पुन्हा काढायची. तीस-चाळीस वेळा. त्यात संध्याकाळ जायची आणि वरचा बूट कसा असणार याचा विचारही झालेला नसायचा. सुरुवातीला मी सगळा दोष अनडूला देत होते. आता वाटतं, त्याहून जास्त नुकसान झूमने केलं. आकार ठरायच्या आधी मी लेसच्या भोकाभोवतीची शिलाई चौपट मोठी करून नीट करत बसायचे.

कागदावर हे करताच येत नाही. ए-फोर आडवा धरला की एका ओळीत तीन बूट बसतात, प्रत्येक साधारण ८ सेंटिमीटरचा. खरा बूट २८-३० सेंटिमीटरचा, म्हणजे चित्र साडेतीन पट लहान. शिलाईचा एक टाका ३ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो या मापात एक मिलिमीटरही उरत नाही, आणि पेनाची रेघच अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ जाते. टाके काढायला जागाच नाही. त्यामुळे हात आपोआप मोठ्या गोष्टींकडे वळतो: टाच किती मागे झुकली आहे, घोट्याचा काठ किती खाली उतरला आहे, लेसचा उतार किती, पुढचा भाग चपटा की फुगीर. अचूकपणाचा सोस सोडा, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. सांगून सुटला नाही. छोटं चित्र आणि जाड पेन मिळाल्यावर सुटला.

आता माझी पद्धत. सुरुवात बुटाने न करता जमिनीच्या रेघेने करायची. तिच्यावर सोलची पाचर: मागे जाड, पुढे पातळ. बऱ्याच रनिंग शूंमध्ये टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते, म्हणजे या मापात दोन-तीन मिलिमीटर. एवढाच फरक, पण तो चुकला की धावायचा बूट टेनिसचा दिसायला लागतो. मग त्या पाचरीवर फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बेततात तो पायाचा साचा, बसवायचा, अगदी फिकट, पाय घातल्यासारखा. फर्मा न काढता थेट अपर, म्हणजे सोलच्या वरचा भाग, काढलं की बुटात पाय मावणार नाही असं चित्र तयार होतं; माझ्या पहिल्या शंभरातले निम्मे तसेच आहेत. त्यानंतर घोट्याचा काठ, लेसखालची जीभ आणि लेस. लेस एकेक काढायची नाही, तिरक्या फराट्यांचा एक पट्टा पुरतो. शेवटी तीनच ठिकाणी दाब द्यायचा: सोलच्या खाली, टाचेच्या मागे आणि पुढच्या टोकाच्या वळणावर. तेवढ्याने बूट जमिनीवर उभा राहतो.

रेघ मनगटातून काढली की वळण तुटतं. खांद्यातून काढायची, आणि कागदाला टेकण्याआधी त्याच वाटेने हवेत दोनदा हात फिरवून घ्यायचा. थरथरीची तक्रार महिन्याभरात गेली ती यामुळे. कागद फिरवायलाही संकोच करू नका. वळण हाताच्या सोयीचं होईल अशा कोनात धरा.

एका कागदावर एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी दुसऱ्या महिन्यात लावून घेतला. आज फक्त टाच, उद्या फक्त जीभ. सगळंच बदललं की सहा बूट सहा दिशांना जातात आणि कुठला का आवडला ते कळत नाही. पहिले दोन बहुतेक वेळा आधी कुठेतरी पाहिलेलेच निघतात. चौथ्या-पाचव्याला हात काहीतरी वेगळं करतो, कारण ओळखीचं तोवर संपलेलं असतं.

आता मुख्य तक्रार. गुठळी.

या पेनाच्या टोकाशी शाई साचते आणि मध्येच तिचा ठिपका कागदावर पडतो. बॉलपेनची शाई दाट, तेलकट असते. गोळी फिरताना थोडी शाई तिच्या भोवतीच्या धातूच्या काठावर राहते, आणि रेघेची दिशा बदलली की ती साचलेली शाई एकदम उतरते. लिहिताना हे खपून जातं. चित्रात खपत नाही. माझ्या कागदांवर ती कुठे पडते हे मी मोजून पाहिलं: सर्वांत जास्त वेळा टाचेच्या मागच्या वळणावर, जिथे रेघ खालून वर येऊन घोट्याकडे वळते. म्हणजे बुटातल्या सर्वांत देखण्या जागी. ती लगेच वाळत नाही. तळहात त्यावरून गेला की निळा फराटा शेजारच्या बुटावर. दोन चांगले कागद मी असे घालवले, आणि त्यातला एक तर खरोखरच पाठवण्यासारखा होता.

मी काय काय केलं? पेन बदललं, त्याच प्रकारचं दुसरं घेतलं, तेच. पेन उभं धरलं, गुठळी कमी झाली पण फिकट रेघ गेली. ०.७ मिलिमीटरचं पेन पंधरा दिवस वापरलं. गुठळी बरीच कमी, पण माझ्या हातात ते कागद खरवडतं आणि बारीक रेघ मिळाली की मी पुन्हा बारकावे भरायला लागते. शेवटी डाव्या हाताच्या बोटाला सुती चिंधी गुंडाळायला लागले. दर बुटानंतर टोक एकदा चिंधीवर फिरवायचं. उपाय साधा आहे आणि चालतो. पण ज्या वस्तूचं कामच शाई नीट उतरवणं आहे तिला दर दोन मिनिटांनी पुसावं लागू नये, हे माझं म्हणणं कायम आहे.

तिसऱ्या महिन्यात मात्र एक गोष्ट लक्षात आली, तीही लिहायला हवी. जुने कागद तारखेप्रमाणे लावून बघितले तर सुरुवातीच्या कागदांवर गुठळ्या कितीतरी जास्त. पेन त्याच प्रकारचं, कागद तोच. फरक एवढाच की तेव्हा मी एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होते, हळू, त्याच जागी पुढे-मागे. गिरवलं की शाई साचते. एका झटक्यात काढलेल्या रेघेवर ठिपका क्वचितच पडतो. त्यामुळे आता कागदावर ठिपके दिसायला लागले की मी थांबते, कागद बाजूला ठेवते आणि नवा घेते, कारण हात पुन्हा गिरवायला लागलेला असतो. पेनाचा दोष यामुळे माफ होत नाही, पण त्याची वेगळी नोंद करायला हवी एवढं खरं.

कागदाबद्दल थोडं. माझ्याकडे एक बांधीव स्केचबुक आहे, जाड कागदाचं, धाकट्या बहिणीने प्रेमाने दिलेलं. दोन वर्षांत त्याची चार पानं भरली. चांगल्या पानावर वाईट चित्र काढवत नाही. पाठकोऱ्या कागदाच्या मागे कुणाचा तरी जुना मजकूर छापलेला असतो, तो पुढे झिरपून दिसतो, आणि तिथे चित्र जपायचा प्रश्नच येत नाही. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-फोर म्हणजे पाच ग्रॅम कागद. तो फुकट गेला तर काय गेलं? पाच महिन्यांत निम्म्याहून जास्त कागद पाठकोरे वापरले. नवी रीम (५०० कागदांची) अजून अर्धीही संपलेली नाही. पेनाच्या तीन कांड्या संपल्या. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हा आकडाच समाधान देतो.

पातळ कागदाचा आणखी एक फायदा न ठरवता मिळाला. आवडलेल्या बुटावर कोरा कागद ठेवला की खालच्या गडद रेघा अंधुक दिसतात, फिकट दिसत नाहीत. म्हणजे निवड आधीच झालेली असते, वरच्या कागदावर फक्त ठाम रेघा उतरतात. तिथून पुढची आवृत्ती सुरू करायची. जाड कागदावर हे होत नाही.

रंग भरायचा असेल तर सावध राहा. अल्कोहोल मार्करमध्ये बॉलपेनची शाई विरघळते. पांढरा मिडसोल निळसर गढूळ होतो आणि मार्करचं टोकही खराब होतं. मी एक फिका राखाडी मार्कर असाच घालवला. आता चित्राची झेरॉक्स काढते आणि तिच्यावर रंग भरते. टोनर अल्कोहोलला सहसा दाद देत नाही.

आठवड्यातून एकदा जुने बूट आठवणीतून काढते, न बघता, तेच दोन मिनिटं. १९१७ पासून चालत आलेला कॉन्व्हर्स ऑल स्टार सात-आठ रेघांत ओळखू येतो: रबरी टोपी, उंच घोटा, गोल बिल्ला. नायकीचा १९८७ चा एअर मॅक्स १ काढताना पुढून मागपर्यंत वेढणारी ती कड आणि टाचेतली खिडकी, एवढं आलं की झालं. तो बूट काढणारे टिंकर हॅटफिल्ड शिकलेले वास्तुविशारद. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या इमारतीत आतली यंत्रणा बाहेर दिसते, त्यावरून सोलमधली हवा उघडी दाखवायची कल्पना त्यांना सुचली. व्हॅन्सच्या १९७७ च्या ओल्ड स्कूलवरचा नागमोडी पट्टा तर कंपनीचे संस्थापक पॉल व्हॅन डोरेन यांनी सहज ओढलेल्या रेघोटीतून आला. या सरावाने मला माझ्याच चित्रांची परीक्षा मिळाली. काल काढलेला बूट आज न बघता दहा रेघांत काढता आला नाही, तर त्याच्यात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. बहुतेक वेळा येत नाही. जो येतो तो पुढे नेते.

टॅबलेट अखेर दुरुस्त होऊन आला, तिसऱ्या खेपेला, खुलाशाचं एक अक्षरही न लिहिता. तो विकलेला नाही. शेवटच्या नेटक्या रेघा आणि रंगांचे पर्याय त्यावरच होतात. कागदाचा फोटो खाली ठेवून वर नवा थर घेते. पण कोऱ्या पडद्यावर बूट सुरू करणं मी बंद केलं आहे. मागच्या आठवड्यात एकदा करून पाहिलं, आणि अर्ध्या तासाने मी टाचेच्या एकाच वळणावर, चौपट झूममध्ये सापडले. टॅबलेट बंद केला आणि कागद घेतला. चौथी कांडी सुरू आहे, चिंधी धुवायला झाली आहे, आणि कुणाला गुठळी न पडणारं पण फिकट रेघ देणारं १.० चं पेन माहीत असेल तर मला खरंच हवं आहे.