मित्रांसाठी गेम सर्व्हर: घरात ठेवावा की भाड्याने घ्यावा?

मागच्या रविवारी खारघरहून मावसभावाचा फोन आला. “दादा, मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकायचाय. पीसी कोणता घेऊ?” मी म्हटलं, पीसीचं नंतर बघू, आधी तुझं नेट कसलं आहे आणि तुमच्यात जबाबदार माणूस कोण आहे ते सांग. तो हसला. (माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम, आणि सर्व्हर म्हणजे ते जग चालू ठेवणारी मशीन, सगळे नेटवरून तिच्यात शिरतात.) पण चार वर्षं ठाण्यातल्या कोलशेतच्या घरात सर्व्हर चालवून माझं मत पक्कं झालंय की घरी सर्व्हर ठेवणं म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी होणं. पाणी वेळेवर आलं तर कुणी फोन करत नाही, नाही आलं की रात्री साडेअकरालाही करतात. त्या फोनची तयारी किती, यावर पुढचं बरंच ठरतं.

आमची टोळी पाच जणांची. ठाण्यात दोघं, ऐरोली आणि सानपाड्याला एकेक, आणि नोकरीपायी पुण्याला गेलेला एक. माइनक्राफ्टमध्ये आम्ही ट्रान्स-हार्बर लाइन बांधतोय, ठाणे ते वाशी, सगळ्या स्टेशनांसकट. २०२४ च्या जानेवारीत दिघा गाव स्टेशन खरोखरीचं सुरू झालं, तेव्हा ठाणे आणि ऐरोलीच्या मधले रूळ उखडून आम्हालाही जागा करावी लागली. असलं जग महिनोन्महिने चालतं आणि त्याला कायमचा पत्ता लागतो.

तुमचं तसं नसेल, म्हणजे शनिवारी रात्री सगळे एकदम बसणार आणि एकदम उठणार असाल, तर सर्व्हरच नको. व्हॅलहाइम या गेममध्ये एकाने आपल्याच गेममधून जग उघडायचं, बाकीच्यांनी आत यायचं, दहा जणांपर्यंत चालतं. तो झोपला की जग झोपलं. तेवढ्याने भागत असेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही.

आधी राउटर बघा

घरच्या सर्व्हरची खरी अडचण मशीनमध्ये नसते, पत्त्यात असते. इंटरनेटवर घराला लागणारे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते आशिया-पॅसिफिक भागाच्या वाट्याला आले होते ते २०११ च्या एप्रिलमध्येच संपत आले. मग कंपन्यांनी शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे कुरिअरवाला सोसायटीच्या गेटपर्यंत बरोबर येतो, पण पाकिटावर फ्लॅट नंबरच नसतो आणि वॉचमन त्याला परत पाठवतो. तुमच्या घरून बाहेर जाणारं सगळं नीट जातं, म्हणून रोजच्या वापरात हे कधी कळतही नाही. बाहेरून आत यायचं असलं की मग अडतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ (बाहेरचा पत्ता) म्हणून एक आकडा असतो तो लिहून घ्या. मग गूगलला ‘माझा आयपी काय’ विचारा आणि चार भागांचा आकडा दाखवणारं पान उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. राउटरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ च्या मधल्या घरात सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेली वाट राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्याचे) कितीही व्हिडिओ बघितले तरी काही होणार नाही. मी एक अख्खा वीकेंड यात घालवलाय. कस्टमर केअरवाला तीनदा “सर, राउटर रीस्टार्ट करा” म्हणाला, चौथ्यांदा मीच फोन ठेवला.

यातून बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत. पहिला, कंपनीकडून जादा पैसे भरून स्वतःचा स्थिर आयपी घेणं. बिल्डिंगमधला केबलवाला ओळखीचा असेल तर काम पटकन होतं. दुसरा, टेलस्केल किंवा झीरोटियर. प्रत्येक मित्राने आपल्या पीसीवर एक छोटं अ‍ॅप टाकायचं, मग सगळ्यांची मिळून एक खासगी जाळी तयार होते आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. घरगुती वापराला हे ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट आहे. गंमत म्हणजे टेलस्केलही तेच १००.६४ वाले आकडे वाटतं, तेव्हा गोंधळू नका. तिसरा रस्ता प्लेइट या सेवेसारख्या बोगद्याचा. मित्रांना काहीच टाकावं लागत नाही, पण सगळा माल त्यांच्या नाक्यावरून वळून येतो आणि पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) त्या नाक्याच्या अंतरावर ठरतो.

पाच ओळखीची माणसं आणि सगळ्यांकडे पीसी, एवढं असेल तर मी डोळे झाकून टेलस्केल सांगेन. कारण यात तुमचं दार रस्त्याकडे उघडतच नाही. डिसेंबर २०२१ मधला लॉगफोरशेल नावाच्या सुरक्षेतल्या भोकाचा प्रकार आठवत असेल. चॅटमध्ये एक ओळ टाकून माइनक्राफ्टचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता, शेवटी १.१८.१ आवृत्ती आणून भोक बुजवावं लागलं. पोर्ट (राउटरमधलं एका क्रमांकाचं दार) उघडायचाच असेल तर जेवढा लागतो तेवढाच उघडा: माइनक्राफ्ट जावाला २५५६५, व्हॅलहाइमला २४५६ आणि २४५७, पालवर्ल्ड या गेमला ८२११. ‘डीएमझी’ नावाचा, सगळीच दारं उघडणारा पर्याय दिसला तर तो सोडून पुढे जा, आणि व्हाइटलिस्ट (आत येऊ शकणाऱ्यांची यादी) पहिल्या दिवशीच चालू करा.

घरातल्या घरात: लॅपटॉप, जुना पीसी, मिनी पीसी

मी जुन्या पीसीपासून सुरुवात केली, कारण तो होताच. ग्राफिक्स कार्डासकट तो निवांत बसलेला असतानाही ६५ वॅट खायचा. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे जवळपास ४७ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ४७० रुपये. त्यातही महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, आणि सर्व्हरची युनिटं घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, त्यामुळे ती वरच्या दराने लागण्याचीच शक्यता जास्त. मे महिन्यात एसी चालू असताना बिल आलं की बाबा आधी सर्व्हरकडेच बघतात.

मग लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातून निघालेला एक सेकंडहँड मिनी पीसी आणला, आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम. मला नऊ हजारांत पडला. तो सरासरी १२ वॅटवर चालतो, म्हणजे महिन्याला नऊ युनिटही नाहीत. विजेत वर्षाला साडेचार हजार वाचतात, दोन वर्षांत मशीन वसूल. नवीनच घ्यायचा असेल तर एन१०० प्रोसेसरवाले छोटे डबेही मिळतात. पाच जणांच्या साध्या माइनक्राफ्टला ते चालतात, मॉड्स (गेममध्ये वरून घातलेली भर) भरले की धापा टाकतात. माइनक्राफ्टचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं आणि सेकंदाला २० टिक (जग पुढे सरकवण्याचे ठोके) पुरे करायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगाचा हे विचारा. सर्व्हरच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ वारंवार दिसली की समजायचं, तो वेळेत पोचत नाहीये.

रॅमचं थोडक्यात: माइनक्राफ्टला ४ जीबी, जड मॉडपॅकला ८. पालवर्ल्डला मात्र १६ जीबी सांगतात आणि ती खरोखर लागते.

या सगळ्यात दुर्लक्षित उमेदवार म्हणजे कपाटात पडलेला लॅपटॉप. विजेचा खर्च मिनी पीसीइतकाच, आणि बॅटरी असल्यामुळे यूपीएस पोटातच. झाकण बंद केल्यावर झोपू नये अशी सेटिंग करायची आणि चार्जिंगची मर्यादा ६० किंवा ८० टक्क्यांवर ठेवायची, नाहीतर कायम प्लगला राहून बॅटरी फुगते. आधी फुगलेली असेल तर त्या लॅपटॉपला हातच लावू नका. मावसभावाला मी हेच सांगितलं: पीसी घेऊच नकोस, तीन महिने लॅपटॉपवर चालव. टोळी तेवढी टिकते का ते आधी बघ. आमच्या पहिल्या टोळीतले चौघे दीड महिन्यात गळाले होते.

लाइट जाण्याचं म्हणाल तर सर्व्हरपेक्षा नेट आधी मरतं. राउटरला आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, पण केबलवाल्याचा स्विच जिन्यात असेल आणि त्याला बॅकअप नसेल तर तुमचा यूपीएस काही कामाचा नाही. हे एकदा त्याला विचारून घ्या. मिनी पीसीच्या बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो, तोही लावून ठेवा. नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि घरी आईला फोन: “टीव्हीखालच्या डब्याचं बटण दाब ना जरा.”

आमचा सगळ्यात मोठा अपघात लाइट जाऊन झालाच नाही. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीमागचा बोर्ड बंद झाला, आणि नेमका त्या क्षणी सर्व्हर जग डिस्कवर लिहीत होता. परत चालू केल्यावर कोपरखैरणे शाबूत, रबाळे शाबूत, मधली घणसोली गायब. जागी कोरा डोंगर. बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा. आईला काय बोलणार? बोर्डावर साधी चिकटपट्टीही मी लावलेली नव्हती.

भाड्याची मशीन

कंपनीच्या डेटा सेंटरमधली मशीन नेटवरून भाड्याने घेता येते. इथे पहिला प्रश्न अंतराचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद. फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे किमान ६५. केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा बराच वर जातो. त्यामुळे स्वस्त दिसली म्हणून युरोपातली मशीन घेऊ नका. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे, अकामाई आणि व्हल्टर यांच्याही मशीन मुंबईत मिळतात. डिजिटलओशनची बंगळुरूला आहेत, तीही चालतात.

आपल्या भागाची गंमत अशी की ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा डेटा सेंटरांनी भरलाय. तुम्ही ज्याला ‘क्लाउड’ म्हणून डॉलर मोजता, तो कदाचित ठाणे-बेलापूर रोडच्या कडेलाच उभा असेल. आमच्यात मुंबईतल्या भाड्याच्या मशीनला सगळ्यांचा पिंग दहाच्या आत होता, पुण्यातल्याचा थोडा जास्त. पण घरच्या सर्व्हरलाही तो जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे सगळे आसपासचे असाल तर पिंगसाठी म्हणून भाडं भरण्यात अर्थ नाही.

भाडं कशासाठी भरायचं? स्वतःचा पत्ता मिळतो, जनरेटर त्यांचा, टीव्हीमागचा बोर्ड नाही. मोठ्या कंपन्यांकडे ४ जीबीची मशीन महिना २० ते २५ डॉलरच्या घरात जाते, वर १८ टक्के जीएसटी. पाच जणांत वाटलं तर माणशी पाचशेच्या आसपास. पण ते गोळा कुणी करायचे? सेक्रेटरी इथेही लागतोच, फक्त तो आता मेंटेनन्स मागत फिरतो. आमच्याकडे सानपाड्यावाला तीन महिने “उद्या जीपे करतो” म्हणत होता.

भाड्याच्या दोन खोड्या लक्षात ठेवा. स्वस्त मशीनमधले कोअर इतरांबरोबर वाटून मिळतात, त्यामुळे रात्री नऊनंतर, सगळे जागे असताना, टिक घसरतात. आणि बऱ्याच ठिकाणी मशीन नुसती बंद ठेवली तरी मीटर फिरत राहतं, डिलीट केली तरच थांबतं. बिल तासावर लागत असेल तर याचा फायदाही घेता येतो. पालवर्ल्डसारखा रॅमखाऊ गेम महिनाभर जोरात खेळून सोडणार असाल, तर १६ जीबीची मशीन महिनाभर घ्या, जग उतरवून घ्या आणि मशीन पुसून टाका. त्यासाठी घरात रॅम भरत बसू नका.

फुकटचे पर्याय आहेत. अ‍ॅटर्नोस ही जर्मन सेवा जाहिरातींवर चालते, कुणी नसलं की सर्व्हर बंद होतो, गर्दीला रांग लागते. शाळकरी मुलांना सुरुवातीला ठीक. ओरॅकलच्या कायम-मोफत योजनेत आर्म प्रोसेसरची मशीन मिळते आणि माइनक्राफ्ट जावावर चालत असल्याने तिथे छान पळतं, पण जागा बहुतेक वेळा शिल्लक नसते, आणि रिकामी वाटलेली मशीन परत घेण्याचा हक्क त्यांनी अटींत ठेवलाय. त्यावर एकमेव प्रत ठेवू नये.

राहिलं रेल्म्स, माइनक्राफ्टवाल्यांचं स्वतःचं. मालक आणि आणखी दहा जण, काहीही बसवायचं नाही, मॉड्स चालत नाहीत. मित्र टॅब, फोन किंवा कन्सोलवर खेळत असतील तर इतर सगळ्या वाटा त्रासाच्या आहेत, कन्सोलवर टेलस्केल टाकायला जाऊच नका. माझ्या भाचीच्या वर्गाने विचारलं तेव्हा मी सरळ रेल्म्सचं नाव सांगितलं आणि तिच्या आईला कार्ड काढायला लावलं.

जग म्हणजे शेवटी एक फोल्डर आहे. लॅपटॉपवरून मिनी पीसीवर, तिथून भाड्याच्या मशीनवर, कुठेही उचलून नेता येतं, आवृत्ती तेवढी सारखी ठेवायची. त्यामुळे पहिल्या दिवशीचा निर्णय कायमचा नसतो. आमचं सध्या असं चाललंय: मिनी पीसी कोलशेतला, टेलस्केलवर, आणि रोज पहाटे चारला जगाची एक प्रत ऐरोलीवाल्याच्या घरी जाते. चौदा दिवसांच्या प्रती राहतात, जुन्या आपोआप पुसल्या जातात. मी गावी गेलो की चावी त्याच्याकडे, म्हणजे उपसेक्रेटरी तो. बोर्डावर आता लाल अक्षरांत ‘बंद करू नये’ लिहिलंय, आईनेच. घणसोलीचा प्लॅटफॉर्म क्रमांक दोन अजून बांधायचा राहिलाय, गाड्या तिथून न थांबता जातात.