प्रश्न काढायला शिकवावे कसे? कार्यशाळा, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि शाळेतील अभ्यासगट यांचा तुलनात्मक आढावा

जून महिन्यात वार्षिक नियोजन करताना माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांपुढे हल्ली एक निर्णय हमखास येतो. घटक चाचणीत केवळ पाठांतर तपासणारे प्रश्न न घालता उपयोजन, विश्लेषण आणि कारणमीमांसा करायला लावणारे प्रश्न शिक्षकांना स्वतः तयार करता यावेत, यासाठी त्यांना कोणत्या प्रकारचे प्रशिक्षण द्यावे, हा तो निर्णय होय. व्यवहारात तीन मार्ग उपलब्ध असतात: तज्ज्ञ मार्गदर्शक बोलावून घेतलेली दोन दिवसांची कार्यशाळा, दीक्षासारख्या (शिक्षकांसाठीच्या सरकारी डिजिटल) व्यासपीठावरील ऑनलाइन अभ्यासक्रम, आणि शाळेतील किंवा केंद्रातील (जवळपासच्या शाळांच्या समूहातील) चार-पाच शिक्षकांनी वर्षभर चालवलेला अभ्यासगट. तिन्हींचे समर्थक आपापल्या मार्गाची बाजू जोरात मांडतात. म्हणून आधी शिकायचे नेमके काय आहे हे पाहिले, तर निवड सोपी होते.

आपल्याकडील बहुतेक अनुभवी शिक्षकांना संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, उत्तम येतो. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य असे चार रकाने आखून गुणांचा भारांश जुळवणे हे त्यांच्या हातचे काम आहे. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचे विचारांच्या पातळ्यांचे १९५६ चे वर्गीकरण आणि २००१ मध्ये झालेली त्याची सुधारणाही त्यांनी ऐकलेली असते. अडचण रकान्यांच्या अज्ञानाची नाही. ‘विश्लेषण करा’, ‘तुमचे मत लिहा’, ‘तुलना करा’ अशी क्रियापदे लावली की प्रश्न वरच्या पातळीचा झाला, या समजुतीची ती आहे. गाईडमध्ये ‘तुमचे मत’ आठ ओळींत छापून आलेले असेल आणि विद्यार्थ्याने ते घोकलेले असेल, तर स्वमताच्या प्रश्नाचे उत्तरही निव्वळ स्मरणाचेच असते. प्रश्नाची पातळी त्याच्या शब्दांवरून ठरत नाही. त्या वर्गात आजवर काय शिकवले गेले आणि काय सांगितले गेले, यावरून ती ठरते.

गणितातले एक उदाहरण घेऊ. ४० मीटर तारेने आयताकृती जागेला कुंपण घालायचे असून क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवे आहे, हा प्रश्न आठवीच्या विद्यार्थ्याला प्रथमच भेटला, तर तो विचार करायला लावतो. वेगवेगळ्या बाजू घेऊन पाहता १० मीटर बाजूच्या चौरसाचे १०० चौरस मीटर हे उत्तर हाती लागते. तोच प्रश्न वर्गात तीनदा सोडवून घेतल्यावर मात्र ‘चौरस घ्यायचा’ एवढे लक्षात राहते आणि प्रश्न खालच्या पायरीवर उतरतो. आता एका बाजूला घराची भिंत आहे, तिथे तार लागणार नाही, एवढा बदल केला की चौरसाची सवय विद्यार्थ्याला चकवते: २० मीटर लांबी आणि १० मीटर रुंदी घेतल्यास २०० चौरस मीटर मिळतात, तर १३.३३ मीटर बाजूचा चौरस १७८ चौरस मीटरच्याही खाली राहतो. हा बदल सुचणे, तो कधी करायचा हे कळणे आणि अर्धवट उत्तराला किती गुण द्यायचे हे ठरवता येणे, या तीन गोष्टी प्रशिक्षणातून यायला हव्यात. त्या निकषावर तिन्ही मार्ग पाहू.

कार्यशाळेचे बळ तिच्या एकाग्रतेत आहे. दोन दिवस रोजच्या तासिकांपासून मोकळे होऊन शिक्षक एका विषयात बुडतो, चांगला सुलभक असेल तर शब्दावली स्पष्ट होते आणि सर्वांची भाषा एक होते. हा लाभ लहान नाही. ‘उपयोजन’ या शब्दाचा अर्थ विज्ञानाच्या शिक्षकाने एक आणि इतिहासाच्या शिक्षकाने दुसरा घेतला, तर पुढची चर्चाच होत नाही. मात्र कार्यशाळेत तयार झालेला प्रश्न विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेला नसतो. गटाने चार्टपेपरवर लिहिलेला प्रश्न टाळ्यांनी मंजूर होतो, आणि तो खरोखर विचार करायला लावतो की केवळ गोंधळात पाडतो, हे कोणालाच कळत नाही. प्रशिक्षण राज्य, जिल्हा आणि तालुका अशा पायऱ्यांनी खाली आले असेल, तर मूळ उदाहरणे शेवटच्या पायरीवर सादरीकरणातील मथळ्यांपुरती उरण्याचा धोकाही असतो. खर्चाचा हिशेबही केवळ मानधनाचा नाही: आठ शिक्षक दोन दिवस बाहेर गेले आणि प्रत्येकाच्या रोज सहा तासिका धरल्या, तर ९६ तासिकांची बदली व्यवस्था लावावी लागते.

ऑनलाइन अभ्यासक्रमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा व्यासपीठामुळे आणि २०१९ च्या निष्ठा या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण उपक्रमाला पुढच्या वर्षी मिळालेल्या ऑनलाइन रूपामुळे, दुर्गम भागातील द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकालाही आशय मिळू लागला, हे निर्विवाद आहे. संकल्पना समजून घेणे, क्षमताधारित प्रश्नांचे नमुने पाहणे आणि आपल्या सोयीने पुन्हा पाहणे यासाठी तो उपयुक्त आहे. परंतु प्रश्न काढणे हे कौशल्य आहे, आणि आपण काढलेल्या प्रश्नावर कोणी बोट ठेवल्याशिवाय ते येत नाही. अभ्यासक्रमाच्या शेवटी असलेली बहुपर्यायी चाचणी शिक्षकाच्या स्मरणाची परीक्षा घेते. उच्चस्तरीय विचारांच्या मूल्यमापनाचे प्रशिक्षण अशा चाचणीने पूर्ण व्हावे, यातील विसंगती कुणाच्याही लक्षात येईल.

अभ्यासगटाची रीत वेगळी आहे. पहिल्या बैठकीत प्रत्येक शिक्षक एक प्रश्न, अपेक्षित उत्तर आणि गुणदानाचे निकष आणतो. सहकारी विद्यार्थ्याच्या भूमिकेतून तो सोडवून पाहतात. दुरुस्त प्रश्न वर्गात दिला जातो. आणि दुसऱ्या बैठकीत उत्तरपत्रिकाच टेबलावर येतात. सगळ्या तपासायची गरज नसते. गठ्ठ्यातून तीन चांगल्या, चार मध्यम आणि तीन कच्च्या काढल्या, तरी पुरते.

या दुसऱ्या बैठकीत काय घडते, ते विज्ञानाच्या एका प्रश्नावरून स्पष्ट होईल. दोन सारख्या माठांपैकी एकाला बाहेरून तैलरंग दिला. कोणत्या माठातील पाणी जास्त थंड होईल आणि का? पुढे, हाच साधा माठ मे महिन्यात नागपूरला आणि ऑगस्टमध्ये रत्नागिरीला ठेवला तर काय फरक पडेल? ‘साध्या माठात जास्त थंड, कारण रंगाने माठ गरम होतो’ असे कोणी लिहिले, तर निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक आहे. ‘साध्या माठात जास्त थंड, कारण माती थंड असते’ या उत्तरात बाष्पीभवनाचा संबंधच आलेला नाही. ‘रंगाने छिद्रे बुजतात, पाणी झिरपत नाही’ एवढेच लिहिणारा अर्ध्या वाटेवर आहे, कारण झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना उष्णता घेतली जाते हा दुवा त्याने सांगितलेला नाही. रत्नागिरीच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, हे ज्याने स्वतः जोडले त्याला पाठ खरोखर समजला आहे. ही चार उत्तरे समोर ठेवून पाच शिक्षक गुण देऊ लागले की त्यांच्यात मतभेद होतात, आणि गुणदानाचे निकष त्या वादातूनच नेमके होतात. नुसत्या निष्कर्षाला गुण द्यायचे की नाहीत, हा निर्णय कोणत्याही व्याख्यानापेक्षा येथे लवकर उमगतो. अमेरिकन संशोधक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की विवेचन, प्रात्यक्षिक आणि सराव यांना प्रत्यक्ष कामातील सोबतीची जोड नसेल, तर शिकलेले वर्गापर्यंत फारसे येत नाही.

वेळेच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. वर्षातून चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत दीड तासाच्या दोन बैठका, असे धरले तर अभ्यासगटाला १२ तास लागतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेलाही, दिवसाचे सहा तास धरल्यास, तितकेच. फरक एवढाच की हे तास वर्षभर विखुरलेले असतात, आणि म्हणूनच ते सहज बुडतात. सहामाही परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवडणुकीचे काम यांपैकी एखादे आले की बैठक पुढे ढकलली जाते आणि पुढे ढकललेली बैठक बहुधा होतच नाही. शिवाय गटात विषयाची पक्की जाण असलेला एकही शिक्षक नसेल, तर सगळे मिळून एकच चूक पक्की करतात. कार्यशाळेतील तज्ज्ञाची उणीव येथे जाणवते. पुराव्याचा प्रश्नही आहे: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लगेच मिळते, गटाला मात्र इतिवृत्त आणि प्रश्नांची फाइल नीट ठेवावी लागते.

तरीही एकच मार्ग निवडायचा असेल, तर माझा कौल अभ्यासगटाला आहे, कारण विद्यार्थ्यांची उत्तरे फक्त तिथेच प्रशिक्षणाचा भाग होतात. याला दोन अपवाद मी मान्य करतो. शाळेत निम्म्याहून अधिक शिक्षक नवे असतील किंवा सर्वांची परिभाषाच जुळत नसेल, तर पहिल्या वर्षी एका दिवसाची कार्यशाळा आधी घ्यावी. मात्र मार्गदर्शकांना आगाऊ कळवावे की आमचे शिक्षक आपल्याच वर्गातील उत्तरपत्रिका घेऊन येतील. आणि शाळा द्विशिक्षकी असेल, तर आशयासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चर्चेसाठी केंद्राची शिक्षण परिषद (केंद्रातील शिक्षकांची नियमित बैठक) अशी सांगड घालावी. परिषदेच्या विषयपत्रिकेत उत्तरपत्रिका वाचनासाठी पाऊण तास मागून घेणे केंद्रप्रमुखांना अवघड जाऊ नये.

सुरुवात दहावीपासून करू नये. तिथे मंडळाच्या आराखड्याचे आणि पालकांच्या अपेक्षांचे ओझे असते. पहिली ते आठवीसाठी २०१० पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकवता शिकवता केलेल्या तपासणीची, साधने शिक्षकाच्याच हाती आहेत. त्यामुळे सातवी किंवा आठवीचा एक विषय, एक घटक आणि एकच नवा प्रश्न इतक्यावर पहिली फेरी जुलैअखेर उरकता येते. वेळापत्रक लावतानाच त्या चार-पाच शिक्षकांची एक तासिका एकाच वेळी रिकामी ठेवावी; हे काम मुख्याध्यापकांनाच करावे लागते, आणि वर्ष सुरू झाल्यावर ते जमत नाही.